गुणाची पोर

डासकाका वॉर्डात शिरला तशी सगळी पोरं एका सुरात रडायला लागली. रोज सकाळी रक्त न्यायला येणाऱ्या या माणसाचं नाव कुठल्याशा पोरानंच ठेवलं होतं, आणि त्यानंही ते गुमान घेतलं होतं.

खिडकीजवळच्या खाटेवरची पोर तेवढी रडत नसे. टायफॉइडनं तिचं पार चिपाड झालं होतं. डासकाका आला की ती स्वतःच पांघरुणातून हात काढून पुढे करी आणि तोंड भिंतीकडे वळवी. सुई टोचली तरी हूं की चूं नाही.

"अशी गुणाची पोर अख्ख्या वॉर्डात नाही, ताई," तो रोज म्हणायचा. आजही ट्रे ठेवता ठेवता म्हणाला.

स्टुलावर बसलेल्या आईला ते ऐकवेनासं झालं होतं. या पोरीला घरात लवंगी म्हणत. तिची नखं कापायची तर तिला दोघांनी धरावं लागायचं, आणि तिसरा मधे पडला तर लाथ खायचा. ती गुणाची कधीपासून झाली? आईला त्या गुणाची भीती वाटत होती.

काल डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या होत्या, "पांढऱ्या पेशी अजून खालीच आहेत. औषध त्याचं काम करतंय, पण अंगानंही प्रतिकार करायला हवा ना. उद्याचं रक्त बघू. आकडे चढले नाहीत, तर मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल."

आईनं मान डोलावली होती. 

"चला, मुंगी चावणार हं," डासकाका रबरी पट्टा उलगडत म्हणाला. पांघरुणातून हात बाहेर आला नाही. त्यानं वाट पाहिली. "शहाणी ना तू?"

"नाही."

आवाज घोगरा होता, पण भिंतीकडे तोंड करून आला नव्हता. पोर सरळ त्याच्याकडे बघत होती.

"अगं, रोज तर देतेस."

"नाही देणार. तुझंच काढ."

शेजारच्या खाटेवरचं पोर रडता रडता हसलं. डासकाकाला अजून निम्मा वॉर्ड उरकायचा होता. "ताई, जरा हात धरा बघू. आज काय भरलंय हिच्या अंगात?"

आई उठली.  तिनं पांघरुणात हात घालून ते काडीएवढं मनगट पकडलं. मनगट फिरलं, निसटलं. तिनं पुन्हा पकडलं, तर पोरीनं पाय आपटले आणि नखं रुतवली. ती नखं किती दिवसांत कापली नव्हती.

"धरलंत का घट्ट?"

"थांबा हो जरा," आई म्हणाली. तिला हसू फुटत होतं. "आवरत नाहीये मला ही."