हार्पच कशाला?

"आता उजव्या खांद्यावर टेकू द्या. घाबरू नका, अंगावर पडणार नाही," हार्पच्या बाई म्हणाल्या.

औषधवाल्याने खांदा पुढे केला. उजवा हात तारांवर ठेवला आणि डावा कोटाच्या खिशातच राहू दिला. पन्नाशी गाठलेला माणूस, औषधांचं चालतं दुकान, चार लोकांत मान. आणि इथे पहिल्या दिवशी शाळेत सोडलेल्या पोरासारखा स्टुलावर अवघडून बसला होता.

भीती त्याला हार्पची नव्हतीच. त्याला कोडं पडलं होतं ते वेगळंच. हार्पच कशाला? ही शिकवणी म्हणजे थोरल्या भावाने दिलेली वाढदिवसाची भेट. दादा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. संगीताचं आणि त्याचं कधी जमलंच नाही. मैफलीला नेलं की तो घोरायला लागायचा आणि टाळ्यांनी दचकून जागा व्हायचा. "स्वस्तात मिळाली असेल कुठेतरी," असा निकाल बायकोने देऊन टाकला होता. खुद्द दादाला विचारलं, तर तो नजर चुकवत म्हणाला, "जाऊन तर बघ. मी सोडतो तुला." आणि खरोखरच तो आत्ता खाली गाडीत वाट बघत बसला होता.

खिशातल्या हाताला करंगळी नव्हती. लहानपणी दोघे भाऊ खोलीच्या दारात ढकलाढकली करत होते. दादाने रागाच्या भरात दार आपटलं आणि धाकट्याचं बोट मध्ये सापडलं. तेव्हा तो पियानो शिकत होता. जखम भरली, पण पियानो सुटला तो सुटलाच. त्यावर घरात पुन्हा कोणी बोललं नाही, दादा तर नाहीच नाही. डावा हात काउंटरखाली ठेवायची औषधवाल्याला इतकी सवय झाली होती, की जुन्या गिऱ्हाइकांनाही त्या बोटाचा पत्ता नव्हता. ते ठीक आहे. पण सख्ख्या भावाने विसरावं? आणि वर बोटांनी वाजवायचं वाद्य भेट द्यावं? हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. आज तासभर दादाचं मन राखायचं आणि मग काहीतरी कारण काढून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच तो जिना चढला होता.

पण बाई शिकवायला लागल्या आणि ते ठरवणं मागे पडत गेलं.

"लाल तार म्हणजे सा, काळी म्हणजे म. एवढं लक्षात ठेवा, बाकीच्या आपोआप सापडतील. आणि तार छेडली की बोट हवेत सोडू नका. तळहाताशी आणा, मूठ मिटतो तसं."

त्याने तसं केलं. सूर निघाला तो कानात शिरायच्या आधी लाकडातून थेट खांद्याच्या हाडात उतरला. तो चकित होऊन बघत राहिला.

"पुन्हा करू?"

"मी कुठे अडवलंय?"

बाई 'चुकलं' म्हणून म्हणायच्याच नाहीत. "या दोन सुरांतला तुम्हाला कुठला आवडला?" असं विचारायच्या आणि गप्प बसायच्या. मग तो स्वतःच शोधायला लागायचा आणि त्याला सापडायचं, की अंगठा खाली पडला होता. इतक्या धीराने त्याला आजवर कोणी काही शिकवलं नव्हतं. घड्याळाकडे बघायचंही तो विसरला.

एकच गोष्ट काही जमेना. उजव्या हाताची करंगळी सारखी मध्ये लुडबुडायची. "तिला बसवा," बाई म्हणायच्या. बसवली की ही आपली पुन्हा उठायची.

"हिची पाळी येते तरी कधी?" त्याने वैतागून विचारलं.

"कधीच नाही. आखूड पडते हो ती. हार्पला अंगठा आणि पुढची तीन बोटं, बास. नवीन माणसाचे कितीतरी महिने तिला गप्प बसवण्यातच जातात."

तो थबकला. गिऱ्हाइकाने गोळ्या जेवणाआधी की नंतर हे पुन्हा पुन्हा विचारावं, तसं त्याने विचारलं, "दोन्ही हातांना?"

"दोन्ही हातांना."

औषधवाल्याने डावा हात खिशातून काढला आणि तारांवर ठेवला. बाईंनी पाहिलं. ना त्या चपापल्या, ना हळहळल्या. त्यांनी फक्त त्याचा अंगठा जरा वर उचलून दिला आणि म्हणाल्या, "चला, खालचा सा आणि पुढचे तीन सूर."

डाव्या हाताने चारही सूर पहिल्या झटक्यात स्वच्छ काढले. तिथे लुडबुडायला कोणी नव्हतंच. त्याला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. आपल्याला शिकता येणार होतं! दादा विसरला तो विसरला, पण त्याच्या हातून चुकून किती बरं घडलं, असं त्याच्या मनात आलं.

"तुमच्या दादांना संगीतातलं बरंच कळत असेल, नाही?" बाईंनी विचारलं.

"दादाला? त्याला गाडीचा भोंगा आणि बासरी सारखीच."

"मला वाटलंच." बाई हसल्या. "आधी गिटारवाल्यांकडे गेले होते ते, मग व्हायोलिनवाल्यांकडे, आणखीही कुठेकुठे. सगळे आमच्या ओळखीतले, म्हणून कळलं. माझ्याकडे आले तेव्हा बसलेसुद्धा नाहीत. ना फी विचारली, ना वेळ. उभ्याउभ्या एकच विचारलं, 'बाई, याला दहाच्या दहा बोटं लागतात का हो?'"