शिखर सहा हजार एकशे बारा

विमलकाकूंनी ओल्या मातीचं शिवलिंग पाटावर ठेवलं, बेलाचं पान हातात घेतलं, आणि नेमका तेव्हाच यशोधन फॉर्म घेऊन दारात उभा राहिला.

"पूजा चाललीय का, काकू? मी थांबतो."

"बस. संकल्प व्हायचाय अजून. एकदा तो सोडला की मला मधे बोलता येणार नाही. काय ते आत्ताच सांग."

माधवगंजातल्या या घरात यशोधनचा आवाज नेहमीच खाली असे. अकरा वर्षांपूर्वी काकूंच्या अभिरामबरोबर तो लाहौलपलीकडच्या बर्फात गेला होता आणि एकटा परत आला होता. सात शिखरांचा तो समूह. नकाशावर त्यांना नावं नव्हती, नुसते उंचीचे आकडे. अभिराम राहिला तो सगळ्यांत उंच शिखरावर. सहा हजार एकशे बारा.

काकूंनी तोच आकडा धरून ठेवला होता. रोज मातीचं लिंग करायचं, पूजा आटोपेपर्यंत अन्नपाणी नाही, आणि शेवटी पळीभर पाणी मुलासाठी सोडायचं, असा त्यांचा नेम. संकल्पात ठिकाण सांगावं लागतं. घराणं ग्वाल्हेरला येऊन दोनशे वर्षं झाली तरी घरचा संकल्प अजून गोदावरीच्या दक्षिण तीरावरच मांडी घालून बसला होता. तो काकू सासऱ्यांनी शिकवला तसाच म्हणत. पण मुलाच्या पाण्याआधी त्या रोज अडखळत आणि म्हणत, "शिखर सहा हजार एकशे बारा." देवाला आकडे कळत असतील, अशी मनाची समजूत.

"आमच्या गिर्यारोहण क्लबनं सातही शिखरांना नावं सुचवायची ठरवलीत," यशोधन म्हणाला. "सगळ्यांत उंचाला... अभिराम शिखर. घरच्यांची सही हवी. चारच्या आत कागद दिल्लीला जायचेत."

निवेदिता स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "आई, कर ना सही! मी तर मामालोकांना फोनसुद्धा करून टाकले. नकाशात दादाचं नाव, सोच तो सही!"

काकूंनी फॉर्म मांडीवर घेतला. छापील अक्षरांत मुलाचं नाव होतं. त्यावरून त्यांचं बोट हळूच फिरलं आणि मातीचा पुसट डाग उठला. बोट पुन्हा मागं आलं, पुन्हा फिरलं. मग खाली उतरलं. खालच्या रकान्यात छापलं होतं, 'स्थानिक नाव, असल्यास.' त्यापुढं निळ्या शाईत लिहिलं होतं, 'नाही.'

"हे अक्षर तुझं?"

"हो."

"त्या डोंगराखाली कुणी फिरकतच नाही?"

"मेंढपाळ येतात. उन्हाळ्यात, दोन-तीन महिने."

"मेंढरं वाऱ्यावर सोडून ज्यांनी चार दिवस अभिरामला शोधलं, तेच ना?"

"तेच."

"आणि ते त्या डोंगराला काही म्हणत नाहीत?"

"बाबे री धूणी म्हणतात. म्हणजे बाबाची धुनी." तो फरशीकडं बघत बोलला. "माथ्यावरून बर्फ उडतं ना, ते धुरासारखं दिसतं. ते लोक वर चढत नाहीत. खालूनच हात जोडतात. पण काकू, ही बोलण्यातली गोष्ट. कुठं लिहिलेली नाही. आणि तो रकाना भरला, तर नवं नाव देता येत नाही. नियमच आहे."

"मग राहू दे की तसाच!" निवेदिता म्हणाली. "कुणाला कळणारे?"

काकूंनी बेलाचं पान तबकात ठेवलं.

"माझ्या लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं 'विमल' लिहिलं. त्याआधी एकोणीस वर्षं मी मधुवंती होते. या घरात कुणी असा फॉर्म आणून विचारलं असतं, आधीचं नाव काय, तर तिथंही हेच लिहिलं असतं. 'नाही.'"

निवेदिताचा आवाज फुटला. "आणि दादा? त्याचं नाव मग कुठंच राहायचं नाही!"

काकूंचे डोळे भरले होते, आवाज मात्र रोज आरतीला असतो तेवढाच होता.

"अकरा वर्षं मी त्याला आकड्यावर पाणी पाठवतेय, निवू. तो तिथं आहे. पत्ता तरी बरोबर हवा." त्यांनी फॉर्म यशोधनपुढं सरकवला. "तू कानांनी ऐकलंयस. तूच लिही."

पेन उघडायला त्याला वेळ लागला. त्यानं 'नाही' खोडलं, एकेक अक्षर जोडत नाव लिहिलं आणि कागदावरची नजर न उचलताच म्हणाला, "मी एकटा उतरलो, तेव्हा त्या मेंढपाळांतला एक म्हातारा म्हणाला होता. 'बाबे री धूणी पर रह गया है, तो अकेला नहीं है.'"

"हे मला आज सांगतोस?"

"तोंडच उघडलं नाही, काकू."

काकूंनी त्याच्या हातून पेन घेऊन त्या नावाखाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. "चारच्या आत जायला हवा ना? ऊठ. संध्याकाळी जेवायला ये."

तो गेल्यावर त्यांनी तळहातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला. गोदावरी नेहमीच्या जागी आली. बेल वाहिला, दिवा ओवाळला. शेवटी मुलाची पळी भरली. निवेदिता दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

काकू आज अडखळल्या नाहीत.

"बाबे री धूणी," त्या म्हणाल्या, आणि पाणी सोडलं.