चंद्रीची शिकवणी

"गुड मॉर्निंग सर, माय नेम इज मंजिरी," चंद्री म्हशीची कास धूत ती म्हणाली. नर्सच्या नोकरीची मुलाखत इंग्रजीत होणार होती आणि माणसांसमोर तिची बोबडी वळायची. चंद्री मात्र हसत नसे.

"म्हशीला मड्डम करतीस व्हय गं?" आई रोज टोमणा मारायची. मंजिरी धारेच्या तालावर इंग्रजी वाक्यं घोळवतच राही.

मुलाखतीत पुन्हा बोबडी वळू लागली, तेव्हा साहेबांच्या जागी चंद्री उभी आहे असं समजून ती घडाघडा बोलली. नोकरी मिळाली.

ती पुण्याला रुजू होताच आईचा फोन आला. "चंद्री पान्हाच सोडंना. तुझं ते इंग्रजी शिकीव मला. गुड मारनिंग सर, माय नेम इज... फुडं तुझं नाव घेऊ का माझं?"