दाराची बाजू

“दार उलटं लावलंत, मिस्त्री. घाव बाहेरून दिसायला हवेत,” ती म्हणाली.

सुतार शिडीवरून उतरला. प्रदर्शन तासाभरात उघडणार होतं. दालनात तिने स्वतःचं जळलेलं घर पुन्हा मांडलं होतं. सांगाडा उरलेली लोखंडी खाट, वाकडंतिकडं झालेलं शिवणयंत्र, चेपलेली पातेली आणि दोन्ही अंगांनी काळं पडलेलं, चौकटीसकट आणलेलं दार. सत्ता उलथली त्या आठवड्यात जमावाने कुऱ्हाडींनी दार फोडलं आणि तिच्या आईला व आठ वर्षांच्या भावाला घरासकट जाळलं, हे ती कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. ती तेव्हा वर्षाची होती. ताप आला म्हणून बाबा तिला डॉक्टरकडे घेऊन गेले, म्हणून दोघं वाचले. पोलिसांच्या गोदामातून ते दार सोडवायला तिने सहा वर्षं खेटे घातले होते.

“ताई, बिजागऱ्या सांगतात तसंच लावलंय,” सुतार म्हणाला. “घाव आतल्याच अंगाला आहेत. वरचे जोरकस. हे खालचे उथळ, लहान हाताचे. आणि बाहेरची कडी बघा, आतून हिसके बसून वाकलीय. हे दार कोणी फोडून आत आलेलं नाही. ते बाहेरून बंद होतं.”

“कोणी केलं बंद?”

सुताराला ते कसं ठाऊक असणार?

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले बाबा उठले. त्यांनी सुताराच्या पिशवीतला हातोडा उचलला आणि लावलेल्या कडीवर घातला. एकदा, दोनदा, मग मोजताच येईना. ढलपी उडून त्यांचा गाल फाटला. सुताराने त्यांना मागून कवेत धरलं, तर त्यांच्या कोपराने त्याचा ओठ फुटला. कडी उखडून जमिनीवर पडली आणि दार उघडलं, तेव्हाच ते थांबले.

“कुलूप मी लावलं,” ते धापा टाकत म्हणाले. “डॉक्टरकडे गेलोच नव्हतो. जमाव गल्लीत शिरला होता आणि तू रडायची थांबत नव्हतीस. सगळेच सापडलो असतो. तुझी आईच म्हणाली, हिला घेऊन निघा, बाहेरून कुलूप घाला. घरात कोणी नाही असं समजून पुढे जातील.”

तिने चौकट धरली.

“आणि ते गेले नाहीत.”

“खिडकीच्या गजांतून पेटते बोळे टाकले.”

“तुम्ही कुठे होतात, बाबा?”

गालावरचं रक्त सदऱ्यावर उतरत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

“दारासमोर, त्यांच्यातच. तू कडेवर होतीस, किल्ली खिशात होती. त्यांनी ओळखू नये म्हणून मी घोषणा देत होतो.”