वरचे दोन घोट

"आजोबा, त्यांच्या कपातला चहा तुम्ही कशाला पिताय? तुमची ओळखसुद्धा नाहीये एकमेकांशी," साहाय्यक दिग्दर्शक पाचव्यांदा कुरकुरला.

सिनेमा जुन्या काळातला होता. एकमेकांवर जीव जडलेल्या आणि तरी जन्मभर एकटे राहिलेल्या दोन पुरुषांचा. हॉटेलच्या प्रसंगात मागच्या टेबलाशी बसायला दोन म्हातारे हवे होते, म्हणून सिनेमाचे कपडे सांभाळणाऱ्या पुतणीनं आपले पोस्टमास्तर काका आणि काकांचे भाडेकरू आणून बसवले. दुसरीकडे जागा नाही म्हणून एका टेबलाशी बसलेले दोन परके, एवढंच काम. पण भाडेकरूंचा हात थरथरायचा. त्यामुळे भरला कप समोर आला की काका वरचे दोन घोट स्वतः पिऊन मगच तो त्यांच्यापुढे सरकवायचे. हाताला लागलेली सवय ती, कॅमेऱ्याला काय भीक घालणार!

काका ओशाळले. भाडेकरू मात्र मजेत चहा पीत होते.

शेवटी दिग्दर्शिकाच उठून आली. "एकमेकांचे कोण हो हे दोघे?"

काकांनी 'भाडेकरू' हा नेहमीचा शब्द जिभेवर आणून ठेवला. लग्नकार्यात, शेजारीपाजारी, दवाखान्याच्या फॉर्मवरसुद्धा सगळ्या घरानं तोच चालवून घेतला होता.

पुतणीनं दातांत धरलेल्या टाचण्या काढल्या आणि काकांची कॉलर सारखी करत म्हणाली, "परक्यांसारखं बसायला नाही जमायचं त्यांना. तीस वर्षांचा संसार आहे दोघांचा."