झाकणाच्या आत

सोलांजनं डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. सोन्याचं, कागदासारखं पातळ, दोनच काटे, रोज किल्ली द्यावी लागणारं. ते मॉडेल बंद होऊन तीस वर्षं झाली होती. आता कंपनीसुद्धा अशी घड्याळं ल सांतिए गावात तिच्याकडेच धाडायची.

"जिनिव्हाच्या लिलावात मिळालं," समोरचा तरुण कौतुकानं सांगत होता. "बाहीखाली सरकलं की कुणाला पत्तासुद्धा लागत नाही! असलं आता कोण बनवतंय, मादाम? मूळ मालक दोन वर्षांपूर्वी वारले म्हणे. बाझलला एकटेच राहायचे."

सोलांजचा हात थांबला. गेले दोन ऑक्टोबर रिकामे का गेले, ते तिला आत्ता कळलं.

तरुण झाकणात डोकावला. "आणि हे ओरखडे कसले?"

"दुरुस्तीला आलेलं घड्याळ उघडलं, की आम्ही आत सुईनं तारीख कोरतो. इथली जुनी रीत आहे."

त्यानं भिंग मागून घेतलं आणि तारखा मोजायला लागला. एकोणीस भरल्या. दर ऑक्टोबरची एक, सगळ्या सोलांजच्याच हातच्या. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे फसलोच की मी! एकोणीस वेळा बिघडलं हे?"

सोलांजनं झाकणावरून हलकेच बोट फिरवलं.

"नाही हो," ती म्हणाली. "एकदाही नाही."