पहिली बुडी

"तुम्ही उतरा आता. जर्मन वेशीवर आलेत," कॅप्टन गोदीतल्या फिटरला म्हणाला. अर्धवट बांधलेली ती डच पाणबुडी शत्रूच्या हाती लागण्याआधी इंग्लंडला न्यायची होती.

फिटर पान्याने झडप आवळतच राहिला. "साहेब, ज्याने झडप बसवली, त्याने पहिल्या बुडीला आत बसायचं. आमच्या गोदीत असंच चालतं."

भर समुद्रात डोक्यावर विमान आलं आणि चाचणीही न झालेली पाणबुडी तशीच खाली गेली. सगळे झडपेकडे बघत राहिले. एक थेंबही आत आला नाही.

"झालं तुमचं काम," कॅप्टनने त्याची पाठ थोपटली.

हात पुसायला फडकं काढताना फिटरच्या खिशातून घराची किल्ली पडली. घराला तेवढी एकच किल्ली होती. बाजारात गेलेली बायको एव्हाना दाराशी येऊन उभी असेल.